इंजिनाला लाख

माझ्या कपाटात संगम हौशी मोटार मंडळाच्या निकालाच्या तीन वह्या आहेत. त्यांत रज्जाकभाईंची सही एकशे अठ्ठ्याऐंशी वेळा आहे, प्रत्येक निकालाच्या तळाशी, 'तपासनीस' या शब्दापुढे. स्पर्धकांच्या रकान्यात मात्र त्यांचं नाव गेल्या फेब्रुवारीपर्यंत एकदाही नव्हतं. त्यांना शर्यत आवडत नव्हती म्हणून, असं कुणी म्हणालं तर मी त्या माणसाला साधा चहासुद्धा विचारणार नाही.

आधी मी कोण ते सांगते. मी भाग्यश्री, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार वारजे. मंडळाची वेळ मी घेते. माझ्या यजमानांना, रंगरावांना, गाडी पळवायची हौस होती आणि मला त्यांच्यावर लक्ष ठेवायची, म्हणून एकोणीसशे ब्याण्णव साली मी स्टॉपवॉच हातात घेतलं. रंगरावांना जाऊन सहा वर्षं झाली. स्टॉपवॉच अजून चालतं.

मंडळ हे काही फार मोठं प्रस्थ होतं असा समज करून घेऊ नये. पंधरा-वीस माणसं, रविवारची सकाळ आणि कुणाच्या तरी ओळखीनं मिळालेलं माळरान. आमच्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे जिचं मागचं सीट काढलंय ती गाडी. ते सीट बाभळीखाली टाकून आम्ही बायका त्यावर बसायचो. तेव्हा आम्ही खराडीला धावायचो, एका वेळी एकच गाडी, ज्याची वेळ कमी तो पहिला. खराडीत दगड होते, बाभळी होत्या आणि म्हशींचा एक गोठा होता. दुसऱ्या वळणावर म्हशी आडव्या आल्या तर ती फेरी पुन्हा द्यावी, असा आमचा लेखी नियम होता. आज त्या वळणावर दहा मजल्यांची काचेची इमारत उभी आहे, आणि रिक्षातून तिथून जाताना मी अजूनही मनातल्या मनात गिअर उतरवते.

प्रवेश शुल्क दीडशे रुपये, त्यात वडापाव आणि चहा. तिघांत मिळून एक हेल्मेट. जिंकणाऱ्याला आप्पासाहेबांकडून गुळाची ढेप. आप्पासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी. चषकावर पैसे कशाला घालवायचे, म्हणून ते सरळ गाळ्यातला माल उचलून आणायचे. रंगरावांनी एका वर्षात चार ढेपा जिंकल्या. त्या वर्षी आमच्याकडे जो येईल त्याला गुळाचाच चहा मिळाला, आणि तो कुठून आला याची गोष्टही ऐकावी लागली.

रज्जाकभाईंचं नाना पेठेत छोटंसं गॅरेज होतं. कार्बुरेटरच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पूर्ण नाव अब्दुल रज्जाक इमाम मणियार. घराणं बांगड्यांचं. वडील बोहरी आळीच्या बाजूला बांगड्यांचं दुकान चालवायचे आणि आई, नूरबानू, घरी शेगडीपाशी बसून लाखेच्या बांगड्या वळायच्या. लहानपणी आईपाशी बसून रज्जाकभाईंनी एक गोष्ट शिकून घेतली होती, ती म्हणजे वास. लाख जरा जास्त तापली की करपते. वरून छान चकाकते, पण हादरा बसला की तडकते. करपलेल्या लाखेचा वास लागला की नूरबानू तो गोळा बाजूला टाकून द्यायच्या. तेच नाक रज्जाकभाईंनी गॅरेजात आणलं. गाडी फाटकातून आत येत असतानाच ते ओरडायचे, "रंगराव, पेट्रोल जास्त पितीय!" आणि ती पीत असायचीच.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग चौऱ्याण्णव साली एका बांधकामवाल्यांचे चिरंजीव आले. नाव सांगत नाही, आता ते आजोबा झालेत. त्यांनी कोइम्बतूरहून इंजिन करून आणलं आणि सगळ्यांना अकरा सेकंदांनी मागे टाकलं. अकरा सेकंद! आमच्यात पहिला आणि शेवटचा यांच्यातसुद्धा एवढं अंतर नसायचं. त्या दिवशी गुळाची ढेप घेऊन ते गृहस्थ परदेशी अत्तर लावलेल्या रुमालाला हात पुसत निघून गेले, आणि मागे राहिलेल्यांची झोप उडाली.

पुढच्या दोन महिन्यांत कुणी स्कूटर विकली, कुणी लग्नात मिळालेली अंगठी. रंगरावांनी माझ्या पाटल्या मागितल्या. "दोन कार्बुरेटर बसवतो, हेड पॉलिश करून घेतो, बस, एवढंच." मी दिल्या. का दिल्या ते मला आजही सांगता येणार नाही. माणूस रात्रंदिवस तोंड पाडून बसला की बायको काय करणार? चार तोळ्यांच्या पाटल्या इंजिनात गेल्या आणि रंगराव दुसरे आले.

ही बातमी रज्जाकभाईंना कळली. काम त्यांच्याच गॅरेजात झालं होतं, पण पैसा कुठून आला ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले. बसले नाहीत, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"वहिनी, पाटल्या किती तोळ्यांच्या होत्या?"

"चार."

"मी बांगडीवाल्याच्या घरातला आहे," ते म्हणाले. "बाईच्या हातातून उतरलेली बांगडी इंजिनात जाणार असेल, तर असली शर्यत मला नको."

रंगराव मान खाली घालून चपला शोधत बसले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

त्याच महिन्याच्या बैठकीत रज्जाकभाईंनी आईकडची लाखेची कांडी, स्पिरिटचा दिवा आणि वडिलांच्या दुकानाचा पितळी ठसा टेबलावर ठेवला. कल्पना साधी होती. मोसमाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी सगळ्यांची इंजिनं उघडून बघायची. कंपनीनं दिलंय तेच आत आहे याची खात्री झाली की इंजिनाच्या बोल्टांना भोकं पाडून त्यांतून तांब्याची तार ओवायची आणि तारेच्या टोकांवर लाख ओतून ठसा मारायचा. मोसम संपेपर्यंत इंजिन उघडायचं नाही. लाखेखाली सगळी इंजिनं सारखी, मग काय ते हातात आणि पायात.

पहिल्याच शर्यतीत गरम इंजिनावर लाख वितळून थेंब थेंब खाली आली आणि सगळ्यांचाच निकाल लागला. मग रज्जाकभाईंनी तार लांब केली, बॅटरीपाशी गार जागेत आणली आणि सोड्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण वाटीसारखं धरून त्यात लाख ओतली. ही युक्ती आजतागायत तशीच चालू आहे. ठशावर पोपट होता, दुकानाची खूण म्हणून. त्यामुळे ज्याची लाख तुटायची त्याचा पोपट झाला, असं आम्ही म्हणायचो, आणि आमच्यापुरतं ते अक्षरशः खरं असायचं.

नियमाचं मराठी आप्पासाहेबांनी केलं. गुळाच्या पावतीपुस्तकाच्या मागे त्यांनी दोन ओळी लिहिल्या: 'इंजिनाला लाख लावल्याशिवाय गाडी शर्यतीत घेतली जाणार नाही. लाख तुटलेली आढळल्यास वेळ बाद; कारण विचारले जाणार नाही.' आप्पासाहेबांना पाल्हाळ आवडत नाही. त्यांची लग्नपत्रिकासुद्धा चार ओळींची होती म्हणतात.

ठराव पास झाला आणि सगळे उठायला लागले, तेव्हा रज्जाकभाई म्हणाले, "आता एकच प्रश्न राहिला. माझ्या गाडीला लाख कोण लावणार?"

कारण त्याच महिन्यात त्यांची स्वतःची गाडी तयार झाली होती. जुनी निळी फियाट, तीन वर्षं जुन्या बाजारातून एकेक सुटा भाग आणून उभी केलेली. आजवर दुसऱ्यांच्या गाड्या तयार करून देणारा माणूस पुढच्या रविवारी पहिल्यांदा स्वतः धावणार होता. पण ठसा त्यांच्या हातात. ज्याच्या हातात ठसा तोच धावला, तर उद्या बोट दाखवायला जागा. कुणीतरी म्हणायला हवं होतं की द्या तो ठसा माझ्याकडे, मी नाही धावत. रंगराव म्हणाले नाहीत. मीही म्हणाले नाही. आम्हा सगळ्यांनाच ते सोयीचं होतं, हे आता म्हातारपणी कबूल करायला हरकत नाही.

"बरं," रज्जाकभाई म्हणाले, आणि त्यांनी ठसा रुमालात गुंडाळून खिशात टाकला.

तेव्हापासून तीस वर्षं ते तपासनीस. शर्यतीआधी "मैदान बघून येतो" म्हणून कुणाची तरी गाडी घेऊन ते एक फेरी मारायचे. मी चोरून वेळ घ्यायची. ज्याची गाडी असेल त्याच्यापेक्षा दोन सेकंद तरी कमी, कधी तीन. मी हे कुणाला सांगितलं नाही, रंगरावांनाही नाही. त्यांना झेपलं नसतं.

ते दिवस फार छान होते. आठ गाड्या, आठही सारख्या, आणि निकाल अर्ध्या सेकंदावर. पंक्चर झालेल्या माणसाला पुढे असलेला माणूस स्वतःची स्टेपनी द्यायचा आणि मग त्याच्याच हातून हरायचा. माझ्या पाटल्या काही परत झाल्या नाहीत, पण पुन्हा कुणाच्या हातातून बांगडी उतरली नाही. आज हे सगळं आठवलं की मी जुनी वही उघडून बसते, आणि मग मला माझाच राग येतो.

पुढे खराडी गेली, मग वाघोली गेली, आणि आम्ही नगर रस्त्यानं सरकत सरकत एका बंद पडलेल्या खाणीत येऊन पोचलो. मंडळात 'खुला गट' सुरू झाला. खुल्या गटात गाडी स्वतःच्या चाकांवर येत नाही, ट्रेलरवरून येते. टायरच्या एका जोडीच्या पैशांत आमच्या वेळी अख्खी गाडी आली असती, आणि ते टायर दोन रविवारात संपतात. ड्रायव्हरच्या अंगात न पेटणारा सूट, शेजारी लॅपटॉप घेतलेला माणूस. प्रवेश शुल्क साडेसात हजार आणि वडापाव वेगळा. हे लोक वाईट नाहीत, मला काकू म्हणतात, खुर्ची देतात. पण निकाल लागल्यावर ते एकमेकांकडे बघत नाहीत, लॅपटॉपकडे बघतात. आमचा 'लाखेचा गट' कोपऱ्यात उरला होता. गाड्या सहा.

या जानेवारीत रज्जाकभाई वारज्याला माझ्याकडे आले. वय त्र्याहत्तर. या वेळी बसले.

"वहिनी, डाव्या डोळ्यात काचबिंदू निघालाय. लायसन्स मार्चमध्ये संपतंय. डॉक्टर म्हणाले, नूतनीकरणाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे येऊ नका."

"मग?"

"फेब्रुवारीत मोसमाची पहिली शर्यत आहे ना मध्ये." ते चहाच्या कपाकडे बघत होते. "एकदा धावायचंय. पोरं धावतात तसं. लाख लावून, नंबर लावून. वहीत नाव यावं एकदा."

मी आप्पासाहेबांना फोन लावला. आप्पासाहेब आता चौऱ्याऐंशीचे आहेत. ते म्हणाले, "धावू दे की. लाख लावायला माणूस आणा." आणि फोन ठेवला.

माणूस कुठून आणायचा? सहाही गाडीवाले स्वतः धावणारे. खुल्या गटातल्यांना लाख म्हणजे काय तेच माहीत नाही. माझ्या हातात घड्याळ, आप्पासाहेबांच्या हातात झेंडा. तरी त्या रविवारी सकाळी रज्जाकभाई निळी फियाट घेऊन खाणीत हजर झाले. "नुसती मैदान दाखवायला आणलीय तिला," असं मला म्हणाले. गाडीवर पांढऱ्या रंगानं सातचा आकडा काढलेला होता. रंग ओला होता.

तपासणीच्या टेबलापाशी मी त्यांच्या शेजारी नावं लिहायला बसले होते. तेवढ्यात एक नवीन मुलगा आला. सव्वीस-सत्तावीसचा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबतंय. नाव साई, मूळ गोंदियाचा, खराडीला नोकरी. जुनी मारुती आठशे घेऊन आला होता. त्यानं रज्जाकभाईंसमोर प्लास्टिकच्या फोल्डरमधून कागद काढून मांडले.

"हे काय?" रज्जाकभाईंनी विचारलं.

"बिलं, चाचा. नवीन कॅमशाफ्ट, हेडचं काम, सगळं. टोटल एक लाख चार हजार." तो जरा ओशाळून हसला. "चार हजार वर झालेत. चालेल ना?"

"कशाला चालेल?"

"रूल आहे ना तुमचा. ग्रुपवर टाकला होता." त्यानं मोबाइल पुढे केला आणि वाचून दाखवलं. "इंजिनाला लाख लावल्याशिवाय गाडी शर्यतीत घेतली जाणार नाही. मी वर्षभर सेव्हिंग केलं, चाचा. नंतर लाख लावले."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मला त्याचा इतका संताप आला की मी पेन आपटलं. मी साईला समजावलं, "अरे बाळा, लाख म्हणजे पैसे नव्हेत. लाख. ती लाख."

"म्हणजे लाखोळीची डाळ?" त्यानं अगदी मनापासून विचारलं. त्यांच्या तिकडे त्या डाळीला लाखच म्हणतात, हे मला नंतर कळलं.

रज्जाकभाईंनी लाखेची कांडी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "ही तर आमच्या जंगलात पळसावर होते," तो हळूच म्हणाला. "माझे आजोबा गोळा करायचे."

आप्पासाहेब काठी टेकत आले. सगळं ऐकून घेतलं. "नियम मी लिहिला, मराठी माझं, आणि भुर्दंड याला," ते म्हणाले. एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. "पण कॅमशाफ्ट बदललाय, इंजिन कंपनीचं राहिलं नाही. लाखेच्या गटात घेता येणार नाही." खुल्या गटात जायला गाडीत लोखंडी पिंजरा लागतो, सूट लागतो, म्हणजे आणखी लाख. साईनं मान हलवली आणि बिलं परत फोल्डरमध्ये नीट लावायला लागला, मोठं खाली, छोटं वर. ते बघवेना.

"पुढच्या महिन्यापर्यंत तुझं जुनं सामान परत बसवून देतो," रज्जाकभाई त्याला म्हणाले. "मजुरी नाही. नवीन सामानाला गिऱ्हाईकही बघू. आज मात्र तू धावणार नाहीस." मला कळायच्या आत त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यातला ठसा टेबलावर ठेवला. "आज तुझी गाडी नाही, इथं तुझं कुणी नाही. या नियमानं आज तुलाच घरी पाठवलंय, तू माझी बाजू कशाला घेशील? माझ्या गाडीला लाख लावशील?"

साईनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. आप्पासाहेब म्हणाले, "माणूस आणलात म्हणायचा."

पहिल्या पाच गाड्यांना लाख लावताना रज्जाकभाईंनी त्याला शेजारी उभं करून शिकवलं. कांडी पळीत कशी धरायची, दिवा किती लांब, मेण केव्हा घालायचं. सहाव्या गाडीची लाख त्यानं स्वतः लावली, रज्जाकभाईंनी फक्त बघितलं. मग त्यांची पाळी आली. सहाही जणांनी फियाटचं इंजिन उघडून बघितलं, कबूल केलं, तार ओवली. आणि रज्जाकभाई दहा पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. ड्रायव्हरनं स्वतःच्या गाडीची लाख बघायची नसते, हा त्यांनीच तीस वर्षं पाळायला लावलेला रिवाज.

एवढ्या लोकांसमोर त्या माणसाची गाडी म्हटल्यावर साईनं पळी दिव्यावर जरा जास्त वेळ धरली. एक गोडसर, जळका वास माझ्यापर्यंत आला. मला त्यातलं काही कळत नाही, मला वाटलं लाखेचा वास असाच असतो. रज्जाकभाईंची पाठ मात्र मी बघत होते. त्यांचं डोकं किंचित वर झालं, जसं हाक ऐकू आल्यावर होतं. मग ते परत खाणीकडे बघायला लागले. साईनं लाख ओतली, पोपट उमटवला. लाख छान चकाकत होती.

सातव्या क्रमांकावर रज्जाकभाई सुटले. ती फेरी मला सगळीच्या सगळी आठवते. बाकीच्यांनी वळणावळणाला धुळीचे लोट उडवले होते. फियाटमागे धूळ कमी होती, कारण तिचं चाक कुठे घसरतच नव्हतं. खाणीच्या उतारावर सगळे ब्रेक मारतात तिथे त्यांनी नुसता पाय उचलला. खालचा खडकाळ पट्टा मात्र कुणालाच चुकवता येत नाही. तिथे गाडी चांगलीच आपटली आणि उसळून वर आली. मी घड्याळ दाबलं तेव्हा माझा अंगठा दुखत होता. दोन मिनिटं सहा पूर्णांक चार. त्या दिवसाची तोवरची सगळ्यांत चांगली वेळ दोन मिनिटं नऊ होती.

ते उतरले. हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, आणि चेहरा असा की मला त्यांच्या गॅरेजात पहिल्यांदा पाहिलेला चाळीस-बेचाळीस वर्षांचा माणूस आठवला. रंगराव असते तर त्यांनी मिठी मारली असती. मी वेळ सांगितली नाही. लाख बघितल्याशिवाय वेळ सांगायची नसते. ते पुन्हा लांब जाऊन उभे राहिले.

साईनं बॉनेट उघडलं. मी वही घेऊन शेजारी होते. लाखेचे दोन तुकडे झाले होते. एक झाकणात, एक तारेला लटकलेला. पोपटाची चोच गेली होती.

साई माझ्याकडे बघत राहिला. "काकू, हे माझ्यामुळे झालं. मी जास्त गरम केली. त्यांनी काहीच केलं नाही."

आता जे सांगते ते माझ्याबद्दल बरं नाही. बाकी सगळे दूर होते, बॉनेट आड होतं. मी हळू आवाजात म्हणाले, "साई, दिवा अजून पेटता आहे."

त्याला कळलं. त्यानं दिव्याकडे बघितलं, मग दहा पावलांवरच्या त्या पाठीकडे. कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं, आणि घड्याळ हातात असून मी तो मोजला नाही. मग त्यानं तुटलेला तुकडा तारेवरून काढून हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गाडी नंबर सात. लाख तुटली आहे."

त्याचा आवाज चिरकला होता. कुणी हसलं नाही.

रज्जाकभाई वळले, चालत आले. साईच्या हातातला तुकडा घेऊन त्यांनी तो नाकापाशी नेला. साई म्हणत होता, चाचा चूक माझी, तुम्ही कशाला बाद, मी लिहून देतो पाहिजे तर. रज्जाकभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कारण विचारलं जाणार नाही," ते म्हणाले. "आप्पासाहेबांचं मराठी आहे. तू आज मला बाद केलंस ना? मग ठसा तुझ्याकडेच ठेव. आता तो माझ्याकडे काय कामाचा?"

साई रडायला लागला. आप्पासाहेब झेंड्याची घडी घालत होते. ती नीट बसत नव्हती.

मी वही मांडीवर घेऊन बसले. मला ती ओळ लिहायची नव्हती. एक ओळ गाळली तर कुणाला कळणार होतं? सहा जण धावले, सहांचे निकाल लागले. म्हाताऱ्या माणसाच्या नावापुढे आयुष्यातल्या एकुलत्या एका शर्यतीत तो शब्द कशाला?

रज्जाकभाई माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मला राहवलं नाही. "तुम्हाला वास आला होता ना? पाठमोरे उभे होतात तेव्हा?"

"आला होता."

"मग बोलला का नाहीत? एक शब्द टाकला असतात तर त्यानं परत लावली असती."

"ड्रायव्हरनं बोलायचं नसतं, वहिनी." ते हसले. "आज मी ड्रायव्हर होतो."

मी पेनचं टोपण लावलं. "मी ही ओळ लिहीत नाही. जाऊ दे. तुम्ही धावलात ते आम्ही बघितलंय."

"असं कसं?" ते म्हणाले. "बाद लिहायचं तर आधी नाव लिहावं लागेल ना? लिहा."

मी टोपण काढलं. गाडी क्रमांक सात. अब्दुल रज्जाक इमाम मणियार, संपूर्ण, एकही अक्षर न गाळता. पुढच्या रकान्यात बाद. तळाशी तपासनीस म्हणून साईनं पहिली सही केली. रज्जाकभाईंनी चष्मा पुसला, उजवा डोळा वहीला जवळजवळ टेकवून आपलं नाव वाचलं, आणि मग पुन्हा एकदा वाचलं.

मी वही मिटायला गेले, तर त्यांनी पानावर हात आडवा धरला.

"थांबा, वहिनी. शाई वाळू द्या."